लोणावळ्याच्या शिबिरात पंडिता रमाबाईंनी देवाकडे २२५ मुली मागितल्या होत्या

१५ चा वर्ग किती? २२५. पंडिता रमाबाईंनी देवाकडे हाच आकडा मागितला होता, तोही लोणावळ्याच्या रानात.

१९ व्या शतकाच्या शेवटी उन्हाळ्यात लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचं शिबिर भरायचं. घाटमाथ्याची थंड हवा आणि मुंबई-पुण्याहून रेल्वे, त्यामुळे लोक जमायचे. काही दिवस प्रवचनं आणि प्रार्थना चालायच्या. एका वर्षी रमाबाई आपल्या शारदा सदनातल्या १५ ख्रिस्ती मुलींना घेऊन तिथे गेल्या. पहाटे एकट्याच झाडीत जाऊन त्यांनी प्रार्थना केली, की पुढच्या शिबिरापर्यंत या १५ च्या १५ पट होऊ देत.

मागणी अवघड होती. विधवांच्या शिक्षणासाठी १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं सदन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून शहरात गदारोळ झाला. सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, अनेकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरत होती. रमाबाईंनी हे भोगलं होतं. त्यांचे आई, वडील आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळातच गेली होती. अशा दिवसांत निराधार मुलींचं काय होतं, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या.

पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते. एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना, म्हणून दौंडजवळच्या केडगावात घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय केली. तेच पुढे मुक्ती मिशन झालं. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारांच्या घरात गेली. लिहिणं-वाचणं, शेती, विणकाम, छपाई असं सगळं मुली तिथे शिकायच्या.

त्यांतल्या अनेकींनी बाप्तिस्मा घेतला. त्यावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. पण दुष्काळातल्या अनाथ मुलीला दुसरं दार क्वचितच उघडं होतं, हेही तितकंच खरं.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगावातच वारल्या. मुक्ती मिशन आजही सुरू आहे.