नमुन्यातले नाट्यगृह : विद्यार्थी दादासाहेब फाळके

गेल्या दिवाळीत माझा मावसभाऊ नागपूरहून आमच्या आंधळगावला आला. तो वास्तुशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. येताना त्याने पुठ्ठ्याचे एक छोटेसे घर आणले होते. दारे, खिडक्या, जिना, सारे कसे मापात! आळीतली पोरे गोळा झाली. माझे वडील कोशाचे कापड विणतात. ते मागावरून उठले, घर हातात घेऊन त्यांनी निरखले आणि किती खर्च आला ते विचारले. पुठ्ठा, डिंक, कागदाचे ताव, खोलीचे भाडे, मेसचे पैसे, असा सगळा हिशेब त्याने सांगितला. पहिले घर नापास झाले म्हणून हे दुसरे करावे लागले, हेही सांगितले. वडील काही बोलले नाहीत. पण ज्या घरात कोणी राहणार नाही त्यावर एवढा पैसा का, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला.

या प्रश्नाचे उत्तर मला एका थोर माणसाच्या चरित्रात सापडले. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचे नाव कोणाला ठाऊक नाही? त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ सालापासून दिला जातो. पण हेच दादासाहेब एके काळी आपल्यासारखेच विद्यार्थी होते आणि त्यांनीही एक असेच नमुन्यातले घर बांधले होते, हे फार थोड्यांना माहीत असेल.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित. घरात तीन मुलगे आणि चार मुली. शास्त्रीबुवांचा मुलगा शास्त्रीच व्हायचा, असा तो काळ! परंतु वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापकाची जागा मिळाली, कुटुंब मुंबईस आले आणि धुंडिराजाला चित्रांची वाट सापडली. १८८५ साली त्याने जे. जे. कलाशाळेत नाव घातले. तेथे वर्षभर चित्रकला शिकून तो थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर बडोद्यास गेला.

या थोरल्या बंधूंजवळ मला क्षणभर थांबावेसे वाटते. शिवरामपंत बारा वर्षांनी मोठे. इतिहासात त्यांचे नाव एखाद्या ओळीपुरतेच येते. पण परक्या गावी शिकणाऱ्या मुलाला भावाचा आधार म्हणजे काय, हे ज्याला तो मिळाला त्यालाच कळते. माझा थोरला भाऊ नववीनंतर मागावर बसला. त्याच्या धोट्यावर माझा एसटीचा पास निघतो. म्हणून ती एक ओळ मला मोठी वाटते.

बडोद्यात सयाजीराव महाराजांचे राज्य होते. १८९० साली त्यांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन ही संस्था उभी केली. चित्रकला, सुतारकाम, रंगाई, यंत्रविद्या अशा हाताच्या विद्या तेथे देशी भाषेतून शिकवीत. कारागिराच्या पोराला इंग्रजी येत नाही म्हणून त्याची विद्या अडू नये, हा त्यामागचा विचार. आम्हा विणकरांच्या मुलांना ही गोष्ट ऐकूनच किती बरे वाटते!

कलाभवनात धुंडिराज तैलरंग आणि जलरंग शिकला. वास्तुकला आणि मूर्तिकाम यांतही त्याने हात बसवला. तेवढ्याने त्याचे समाधान होईना. त्याने कॅमेरा घेतला. त्या दिवसांत फोटो काचेवर निघत. काच बिघडली की पैसे गेले, रसायन उतू गेले की पैसे गेले. चित्रकाराला एक ब्रश पुरतो, पण या छंदाला खिसा पुरत नाही. पुढे गज्जरांनी त्याला ठसे तयार करण्याची कला शिकण्यासाठी रतलामला पाठविले आणि नंतर कलाभवनाची प्रयोगशाळाही वापरू दिली. विद्यार्थ्याच्या हाती आपल्या प्रयोगशाळेची किल्ली देणारे गुरू सर्वांना लाभत नाहीत.

१८९२ साली अहमदाबादेस औद्योगिक प्रदर्शन भरले. त्यात धुंडिराजाने आदर्श नाट्यगृहाचा नमुना मांडला आणि त्याला सुवर्णपदक मिळाले. त्या नाट्यगृहात कधी घंटा वाजली नाही, पडदा वर गेला नाही. मग तो खर्च वाया गेला काय?

पुढची वीस वर्षे पाहिली तर तसेच वाटेल. गोध्र्याला फोटोचा धंदा काढला, तेथे प्लेगने पत्नी आणि मूल नेले. बडोद्यास परत यावे तर फोटो काढल्याने आयुष्य घटते, अशी लोकांची समजूत. मग नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग केले. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी धरली, तीही सोडली. छापखाना काढला. १९०९ साली यंत्रे आणण्यासाठी जर्मनीस जाऊन आले आणि भागीदारांशी न पटल्याने तो छापखानाही सोडला. चाळिशी उलटली, हाती काही नाही!

१९११ साली मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर आणायचे, असा ध्यास घेतला. पैसा कोठून आणायचा? बारा हजारांच्या विम्यावर दहा हजारांचे कर्ज काढले. १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठले, चित्रपट कसा तयार होतो ते पाहिले आणि पन्नास पौंडांचा कॅमेरा घेऊन परतले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. साठाहून अधिक माणसांचा स्वयंपाक केला आणि रात्री फिल्मला भोके पाडली. तारामतीचे काम करायला स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात दहा रुपयांवर राबणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला पंधरा रुपये देऊन आणले. रोहिदास त्यांचाच मुलगा. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि भारतीय चित्रपटाचा जन्म झाला.

आता हिशेब मांडून पाहू. दरबाराचे देखावे कोणी रचले? वास्तुकला शिकलेल्या हातांनी. पडदे कोणी रंगवले? जे. जे.च्या विद्यार्थ्याने. कॅमेरा, रसायने आणि जादूच्या युक्त्या, सारे एकाच माणसाजवळ होते. बडोद्याचा एकही पैसा वाया गेला नव्हता. फक्त तो वीस वर्षांनी परत आला.

तरी एवढे सांगून थांबलो तर ते खोटे होईल. दादासाहेबांनी पुढे नाशिकला अनेक चित्रपट काढले. १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी सुरू झाली. परंतु बोलपट आले आणि काळ पुढे गेला. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा ते श्रीमंत नव्हते. विद्या पैसा देतेच असे नाही. आणि शिकणाऱ्याचा खर्च पुष्कळदा दुसऱ्याच्या अंगावरून उतरतो, कधी भावाच्या, कधी पत्नीच्या. पदकावर त्यांची नावे नसतात. ती आपणच लक्षात ठेवायची असतात.

ही हकीकत मी घरी सांगितली. आई कोशातून धागा काढीत होती, भाऊ मागावर होता. सरस्वतीबाईंच्या दागिन्यांचे ऐकून आईचा हात थांबला. ते दागिने सुटले का, एवढेच तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. मावसभाऊ परत निघाला तेव्हा वडिलांनी त्याच्या हातावर दोनशे रुपये ठेवले आणि नापास झालेल्या घराचे म्हणून घे, असे सांगितले. ते पुठ्ठ्याचे घर आता आमच्या मागाशेजारच्या फळीवर आहे.