डॉ. आनंदीबाई जोशी : परक्या श्रद्धेचा आदर

कल्याण नगरीशी आपल्यापैकी अनेकांचा नित्याचा संबंध आहे. याच कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी यमुना नावाची कन्या जन्मली. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला व ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच दगावले. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय दृढ झाला.

अमेरिकेतील शिक्षणासाठी गोपाळरावांनी मिशनरींकडे साहाय्य मागितले. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याखेरीज साहाय्य नाही, असा उत्तराचा रोख होता. आनंदीबाईंनी ही अट मानली नाही. हा पत्रव्यवहार एका मिशनरी नियतकालिकात छापून आला आणि १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या ख्रिस्ती गृहिणीने तो दंतवैद्याकडे बसल्या असता वाचला. तिने कोणतीही अट न घालता मदतीचा हात पुढे केला.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील भाषणात, आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परतणार, असे आनंदीबाईंनी जाहीर केले. अमेरिकेत त्या कार्पेंटरबाईंच्या घरी मुलीप्रमाणे राहिल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी मिळविली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला होता. तरीही दोघींचा स्नेह टिकला. कोल्हापूरच्या रुग्णालयात आनंदीबाईंची नेमणूक झाली खरी, परंतु क्षयरोगाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे एकवीस. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या पकिप्सी येथील दफनभूमीत विसावली आहे.

या जीवनकथेतून आम्ही काय घ्यावे? एकाच प्रभूच्या नावाने एकाने दार अटीवर उघडू पाहिले, तर दुसरीने ते बिनशर्त उघडले. श्रद्धा सक्तीने लादता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. कार्पेंटरबाईंनी ते त्याआधी ऐंशीहून अधिक वर्षे आचरून दाखविले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आमच्या शेजारी भिन्न श्रद्धेची माणसे राहतात. काहींचा देवाविषयीचा शोध अजून चालू आहे, काहींच्या मनात संशय आहे. कधी आमच्याही मनात तो डोकावतो. तो मिटेपर्यंत शेजाऱ्याचा आदर थांबवून ठेवण्याचे कारण नाही. अडल्या वेळी त्याला मदत करताना आम्ही मनात एखादी अट तर बाळगत नाही ना, एवढे प्रत्येकाने स्वतःस विचारून पाहावे.