व्याकरणकार लिंडले मरे

इंग्रजी शब्दांच्या जाती ओळखण्याचा पाठ पुष्कळांस रुक्ष वाटतो. परंतु तो सुलभ करूं पाहणाऱ्या लिंडले मरे यांचें चरित्र खचित बोधप्रद आहे. त्यांचा जन्म १७४५ सालीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत झाला. न्यूयॉर्क येथें त्यांनीं वकिली व व्यापार केला. पुढें अंगांतील शक्ति क्षीण होऊं लागल्यामुळें ते १७८४ सालीं इंग्लंडास गेले व यॉर्क शहराजवळ राहिले. तेथें त्यांचें चालणें जवळजवळ बंद झालें.

यॉर्क येथील मुलींच्या एका शाळेंतील शिक्षिकांच्या विनंतीवरून त्यांनीं व्याकरण लिहिलें. तें १७९५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत उपपद, नाम, विशेषण, सर्वनाम, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी अशा नऊ जाती सांगितल्या आहेत. मराठींत उपपद नाहीं, म्हणून आमच्या व्याकरणांत आठच जाती आहेत, आणि इंग्रजी लिहितांना उपपदाकडे आम्हांस विशेष लक्ष द्यावें लागतें. शिवाय इंग्रजी शब्द एकाच जातीचा राहत नाहीं. वॉटर हा शब्द पाणी या अर्थीं नाम, तर झाडांस पाणी घालणें या अर्थीं क्रियापद होतो. म्हणून शब्दाचें रूप नव्हे, तर वाक्यांतील त्याचें कार्य पाहावें.

१८२६ सालीं, वयाच्या ८० व्या वर्षीं, मरे निवर्तले. त्यांस घराबाहेर पडणें दुष्कर होतें. पण त्यांचें पुस्तक इंग्लंड व अमेरिकेंतील असंख्य शाळांत पोहोंचलें. आम्हां धडधाकट विद्यार्थ्यांनीं त्यांचा उद्योग ध्यानांत ठेवावा.