अडाण्याचे प्रश्न
अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरजवळील दापुरे येथे मामाच्या घरी गुरे राखीत वाढलेल्या डेबूजींना शाळा लाभली नाही. १९०५ साली त्यांनी गृहत्याग केला. पुढे लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. नवसाने मूल होते काय, बकरे कापल्याने देव पावतो काय, कर्ज काढून सण कशासाठी, हे विचारताना अडाणीपणा ते स्वतःकडे घेत; उत्तर मात्र श्रोत्यांच्याच मुखातून निघे. अडाणी ठरण्याचे भय त्यांना कधीच शिवले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी ते निवर्तले. हसे होईल म्हणून सभेत मूग गिळून बसणाऱ्या समाजाने त्यांचा खराटा उचलला. प्रश्न उचलण्याचे धैर्य अद्याप उरलेच आहे.