जमशेटजी टाटा : गिरणीतील कामगारापासून मुळशीच्या शेतकऱ्यापर्यंत

भारतीय उद्योगाचे जनक म्हणून गौरविले गेलेले जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे, पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर ते वडिलांच्या व्यापारात उतरले आणि १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी सुरू केली.

मुंबईऐवजी कापसाच्या प्रदेशात, नागपुरात, त्यांनी उभारलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. नवी यंत्रसामग्री आणण्यात ते जितके तत्पर होते, तितकेच ती चालविणाऱ्या माणसांविषयी जागरूक होते. १८८६ मध्ये त्यांनी कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू केला, तर १८९५ पासून कामावरील अपघातांची भरपाई देण्यास प्रारंभ केला. अशी भरपाई देण्याचे बंधन घालणारा कायदा देशात १९२३ मध्ये, म्हणजे त्यानंतर २८ वर्षांनी झाला. कामगाराची सुरक्षितता हा दानधर्म नसून उद्योगाच्या खर्चाचाच भाग आहे, हे तत्त्व त्यांनी आचरणातून दाखवून दिले.

पोलाद कारखाना, विज्ञान संस्था आणि जलविद्युत हे त्यांचे तीन मोठे संकल्प होते. १९०२ मध्ये पुत्र दोराबजी यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी नियोजित पोलादनगरीत रुंद रस्ते, सावली देणारी झाडे, खेळाची मैदाने आणि सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांसाठी जागा राखण्याची सूचना केली होती. त्यावेळी कारखान्याची जागाही निश्चित झालेली नव्हती. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. त्यांचे संकल्प वारसदारांनी पूर्ण केले. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली आणि कोळशाच्या धुरावाचून यंत्रे चालविण्याचा मार्ग खुला झाला.

मात्र याच जलविद्युत कार्याचा पुढील टप्पा असलेल्या मुळशी धरणाने वेगळा प्रश्न उभा केला. जमिनी बुडणार म्हणून मावळातील शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले व कारावास भोगला. अखेर धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. जमशेटजींच्या निधनानंतरच्या या घटनेचा दोष त्यांना देता येणार नाही. परंतु गिरणीच्या आतील माणसाला मिळालेला न्याय प्रकल्पाच्या वाटेतील माणसापर्यंत आपोआप पोहोचत नाही, हे तिने दाखवून दिले.

२०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारमानाच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले. जमशेटजींची खरी शिकवण मात्र नफा झाल्यानंतरच्या वाटपाची नाही. ज्यांच्या श्रमावर आणि ज्यांच्या जमिनीवर उद्योग उभा राहतो, त्यांचा विचार आराखड्याच्या पहिल्या पानावर व्हावा, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.