रेवदंड्याचे मास्तर आणि आकाशाचे पुस्तक

विश्वाविषयीची मराठी पुस्तके म्हटली की वाचकाला प्रथम जयंत नारळीकर आठवतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु या वाटेने त्यांच्या कितीतरी आधी एक शाळामास्तर चालून गेला होता. नागावहून चौल ओलांडले की रेवदंडा लागते. तेथील शाळेत या मास्तरांनी काही वर्षे शिकविले, ही गोष्ट अष्टागराने तरी विसरू नये.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली दापोली तालुक्यातील मुरूड येथे झाला. मॅट्रिकपुढे त्यांचे शिक्षण गेले नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि अखेर पुणे, असा त्यांच्या नोकरीचा प्रवास झाला. विद्यापीठाची पदवी नाही, प्राध्यापकाचे पद नाही; शाळा सुटल्यावर उरणारा वेळ आणि डोक्यावरचे आकाश एवढेच त्यांचे भांडवल होते.

त्या भांडवलावर त्यांनी सामान्य वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले. ‘रात्रीची दोन घटका मौज’ हे त्याचे दुसरे नाव. दोन घटका म्हणजे अवघी ४८ मिनिटे. दिवसभर राबलेल्या माणसाकडेही एवढी सवड असते आणि तारे, ग्रह, चंद्र यांची ओळख करून घेण्यास ती पुरते, हा विश्वास त्या नावात आहे.

परंतु सोपे लिहिणारा लेखक उथळ असतो, हा आपल्याकडील समज दीक्षितांच्या बाबतीत साफ कोसळतो. फ्लीट यांनी गुप्त राजांचे लेख १८८८ साली प्रसिद्ध केले, त्यांतील कालगणनेस दीक्षितांच्या गणिताचा आधार होता. रॉबर्ट स्यूएल यांच्यासमवेत त्यांनी भारतीय पंचांगावर इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. तो १८९६ साली निघाला आणि त्याच वर्षी त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा महाग्रंथही निघाला, तो मात्र मराठीत.

शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असा उल्लेख आहे. दीक्षितांनी तो प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीची नोंद मानला. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो, त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा हळूहळू सरकतात. आज कृत्तिका पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेस उगवतात. त्या नेमक्या पूर्वेस केव्हा उगवत असतील, हे गणित मांडून त्यांनी तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असा काढला. हा निष्कर्ष सर्व विद्वानांनी मान्य केला नाही. पण जुन्या वचनाला केवळ नमस्कार न करता त्याचे गणित करून पाहण्याची ही रीत आजही अनुकरणीय आहे.

२० एप्रिल १८९८ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, दीक्षित निवर्तले.

आज विश्वाची माहिती हवी तेवढी मिळते. पाहण्याची सवय मात्र सुटत चालली आहे. नागावचा किनारा पश्चिमेकडे उघडा आहे. एप्रिलच्या आरंभी, अंधार पडल्यावर, तेथून कृत्तिका मावळताना दिसतात, त्या नेमक्या पश्चिमेस नव्हे, तर उजवीकडे, उत्तरेच्या बाजूस. किनाऱ्यावरील दिव्यांच्या झगमगाटापासून थोडे दूर गेले म्हणजे झाले. शिक्षकांनी एका संध्याकाळी वर्ग तेथे न्यावा आणि असे का, एवढेच मुलांना विचारावे. दीक्षितांचे स्मारक करावयाचेच, तर त्याला दगड लागत नाही. दोन घटका पुरतात.