साने गुरुजी आणि मनातला न्यायाधीश

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगडचा. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना ते वसतिगृहातल्या मुलांची आईच्या मायेने काळजी घेत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३३ मध्ये आपल्या नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. १९४७ मध्ये त्यांच्या उपोषणानंतर पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले झाले. १९४८ मध्ये त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले.

एवढे करूनही आपण अपुरे पडलो, ही खंत त्यांना सोडत नव्हती. गांधीजींच्या हत्येने ते अधिकच खचले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले.

आत्महत्येमागे एकच कारण नसते आणि दिवंगत माणसाचे निदान करू नये. पण हा साचा ओपीडीत रोज दिसतो: यश मिळाले तर नशीब, अपयश आले तर माझाच दोष. अशा विचारांनी उदासी वाढते आणि उदासीतून पुन्हा तेच विचार येतात.

१९६० च्या दशकात अमेरिकेतील डॉ. अ‍ॅरन बेक यांनी हे चक्र तोडणारी उपचारपद्धती मांडली. मनात आलेला विचार लिहायचा आणि त्याच्या बाजूचे व विरुद्धचे पुरावे तपासायचे. गरजेनुसार औषधेही असतात.

गुरुजींच्या काळी हे नव्हते, आज आहे. उदासी दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर आजच बोला: टेलि-मानस १४४१६, मोफत, चोवीस तास.